बळीराम घरतांचं रडणं

बेलपाड्यात देवळामागच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलींची कबड्डी चालते. चारी बाजूंना खारघरचे टॉवर उभे राहिले, शेतं गेली, खाडीकाठची खाजणं भरून तिथे सेक्टर झाले, पण हे मैदान राहिलं. ते राखण्यात गावातल्या ज्या चार-सहा माणसांचा हात होता, त्यांत बळीराम घरत एक. तरुणपणी ते स्वतः जिल्ह्याकडून खेळलेले. पुढे गुडघा गेला आणि त्यांनी मुलींचा संघ बांधायला घेतला, तेव्हा गावातले लोक हसले होते. आता त्या संघातल्या दोघीजणी पोलिसात आहेत, एक रेल्वेत आहे, आणि हसणाऱ्यांच्या नाती बळीरामांकडे शिकायला येतात.

घरचं ठीक चाललेलं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर तीन मजली घर, खाली भाडेकरू. बायको वेणू. मुलगा भावेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांच्या वाहतुकीचं काम बघतो. सून कोमल उरणची, कोळ्याची मुलगी, पनवेलला एका पतपेढीत नोकरीला. आगऱ्याच्या घरात कोळ्याची मुलगी येणार म्हटल्यावर भावकीत बरीच कुरकुर झाली होती. बळीरामांनी सगळ्यांना ओटीवर बसवून चहा दिला आणि विचारलं, "कोनाला काय बोलाचंय?" कुणी काही बोललं नाही. लग्न झालं.

असा त्यांचा दरारा. मैदानावर तर फारच. एखादीने एका चढाईत तिघींना बाद केलं तरी ते म्हणणार, "आता पुढची बघ." हसताना त्यांना फार कमी लोकांनी बघितलेलं, आणि रडताना कुणीच नाही.

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, सकाळचा चहा पिऊन ते दाढी करायला बेसिनशी उभे राहिले. वेणू स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. नळाचं पाणी बराच वेळ वाहतंय हे तिच्या लक्षात आलं. पाणी वाया घालवलेलं बळीरामांना खपत नसे, म्हणून तिला नवल वाटलं. तिने आतूनच हाक मारली. उत्तर आलं, पण त्यातला एक शब्द तिला कळला नाही. तोंडात घास असल्यासारखा आवाज.

ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. बळीराम एका हाताने बेसिन धरून उभे होते. वस्तरा खाली पडला होता आणि डावा हात तो उचलायला जात होता, पण पोचत नव्हता. तोंडाची डावी बाजू ओघळल्यासारखी दिसत होती.

"आवो, काय झायला?"

"काय नाय," असं ते म्हणाले असावेत.

भावेश धावत आला. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं. "चक्कर आली असेल. साखर-पाणी द्या," तो म्हणाला. कोमल कामावर निघायच्या तयारीत होती. ती समोर येऊन उकिडवी बसली आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा, दोन्ही हात वर करा." उजवा हात वर गेला. डावा थोडा उचलला गेला आणि मांडीवर पडला.

कोमलने वेणूच्या हातातली साखरेची वाटी काढून घेतली. "तोंडात काही घालू नका. गाडी काढा."

"आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू या ना, कोपऱ्यावरच तर आहेत," भावेश म्हणाला.

"माझ्या बाबांना आधी मालिशवाल्याकडे नेलं होतं," कोमल म्हणाली. "मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे. मग पनवेलला. गाडी सरळ पनवेलला घ्या. मी फोन करून स्कॅनची सोय आहे का विचारते."

तिचे वडील काशिराम उरणच्या कोळीवाड्यातले. स्वतःची होडी असलेला, समुद्रावरचा माणूस. कोमलच्या लग्नाच्या वर्षभर आधी एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. घरच्यांना वाटलं, वारा लागला. तेल चोळण्यात, शेक देण्यात सकाळ गेली. पनवेलच्या डॉक्टरांनी हात जोडल्यासारखं करून सांगितलं होतं की गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते द्यायची वेळ निघून गेली आहे. तेव्हापासून काशिराम खाटेवर. ते वाक्य कोमल विसरली नव्हती.

कळंबोलीच्या सर्कलला नेहमीप्रमाणे कंटेनर तुंबले होते. भावेश हॉर्न वाजवत, चुकीच्या बाजूने, लोकांच्या शिव्या खात गाडी काढत होता. मागे बळीराम कोमलच्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते. त्यांना सगळं कळत होतं. डावा हात आपला आहे हे त्यांना माहीत होतं, पण शेजारी बसलेल्या कुणी परक्याने तो त्यांच्या मांडीवर ठेवल्यासारखा वाटत होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टर होत्या हेतल नावाच्या, चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "अगदी ठीक असताना यांना शेवटचं कुणी बघितलं?"

"मी," वेणू म्हणाली. "चहा देल्ता. साखर कमी हाय म्हनून बोललं मना."

"किती वाजता?"

वेणूला घड्याळ कळत होतं, पण त्या वेळी तिने ते बघितलं नव्हतं. कोमल म्हणाली, "मी त्याच वेळी आंघोळीला गेले. तासाच्या वर झालेलं नाही."

स्कॅन झालं. मेंदूत रक्तस्राव नव्हता. एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टर हेतलनी बाहेर येऊन सांगितलं, "तुम्ही वेळेत आलात. साडेचार तासांच्या आत हे इंजेक्शन देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. गुठळी विरघळली तर हात-पाय बरेच सुधारतील. पण रक्त पातळ होतं, त्यामुळे थोड्या लोकांना मेंदूत रक्तस्राव होतो. तो धोका आहे. तो सांगणं माझं काम आहे. तुमची संमती हवी."

भावेशने पेन हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. वडिलांच्या जिवाचा निर्णय आजवर त्याने कधी घेतला नव्हता. घरातला टीव्ही कुठला घ्यायचा तेसुद्धा वडील ठरवायचे. तो कोमलकडे बघत राहिला.

"सही करा," ती म्हणाली.

त्याने केली.

दुपार कलता कलता नर्सने आत बोलावलं तेव्हा बळीराम डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत-मिटत होते, लहान मूल स्वतःची बोटं बघतं तसे. वेणूला बघून म्हणाले, "भाकऱ्या करपल्या आसतील." शब्द थोडे जड होते, पण कळले.

*

आठवड्याभरात ते घरी आले. काठी दिली होती, ती महिन्याने कोपऱ्यात गेली. डावा हात थोडा सुस्त राहिला. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, आणि थकले की शब्द जड व्हायचे. बाकी सगळं जागेवर. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर हेतलनी त्यांना चालवून बघितलं, हाताची पकड बघितली आणि म्हणाल्या, "छान. फार छान." गावातले लोक बघायला येत आणि म्हणत, "काय बी झायला नाय यांना! आदी होतं तसंच हाय!" वेणू प्रत्येकाला पेढा देत असे.

पहिल्यांदा ते झालं जेवताना. ताटात वालाचं बिरडं, भात, तळलेला बोंबील. बळीरामांनी घास उचलला आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. वेणूला वाटलं ठसका लागला. तेवढ्यात त्यांच्या तोंडून हुंदका बाहेर पडला आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"काय होतंय? दुखतंय काय?"

ते मान हलवत होते. नाही म्हणत होते आणि रडत होते. दोन मिनिटांनी रडणं जसं आलं तसं थांबलं. त्यांनी तोंड पुसलं आणि बोंबील खाल्ला.

मग ते वरचेवर होऊ लागलं. टीव्हीवर कुणाला बक्षीस मिळालं की. भाडेकरूच्या लेकराने "आजोबा" म्हणून हाक मारली की. एकदा तर भावेशने नवीन गाडीची चावी दाखवली तेव्हा. घरच्यांनी आपसांत ठरवून टाकलं की बाबांचं मन हळवं झालंय, मरणाच्या दारातून आले म्हणून. वेणू जवळ बसून पाठीवर हात फिरवायची, आणि हात फिरवला की रडणं आणखी वाढायचं. भावेश म्हणायचा, "बाबा, आता सगळं बरं झालं ना? मग कशाला मनाला लावून घेता?"

बळीरामांनी मनाला काही लावून घेतलेलंच नव्हतं. रडताना आत कुठेच काही दुखत नसायचं. आत ते शांत असत, आणि बाहेरचा चेहरा आपल्या मनाने चालत असे. हे कुणाला सांगणार? त्यांच्या मनात एकच शंका होती, आणि ती त्यांनी वेणूलासुद्धा सांगितली नाही. ती शंका म्हणजे आपल्याला वेड लागतंय.

दोन महिन्यांनी ते मैदानावर गेले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. संघाची कर्णधार समृद्धी त्यांच्या पाया पडली. सराव सुरू झाला. समृद्धीने चढाई केली. कोपऱ्यातल्या दोघींनी तिला धरलं होतं तरी ती सुटून मध्यरेषेला बोटं लावून आली. फार सुरेख चढाई होती. बळीराम "आता पुढची बघ" म्हणायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. सगळा खेळ थांबला. मुली गोळा झाल्या, एकीने पाणी आणलं.

त्यानंतर मुली सावध खेळू लागल्या. कुणी पडलं तरी ओरडेना, भांडेना. सरांना त्रास नको म्हणून एकमेकींना हळू बोलायला खुणावत. कबड्डी हळू आवाजात खेळता येत नाही. बळीरामांना ते चारच दिवसांत कळलं. त्यांनी घरी सांगितलं, पाय दुखतो, आणि मैदानावर जायचं बंद केलं.

आणखी एक कारण होतं. त्यांना थकवा यायचा. दुपारी जेवलं की अंगातली सगळी ताकद कुणी काढून नेल्यासारखी व्हायची. संध्याकाळी चार मुली एकदम बोलल्या की डोकं भरून यायचं. पण जो माणूस काठीशिवाय चालतो, त्याला काय थकवा यायचा? लोकांना खरं वाटलं नसतं. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं.

पुढे उन्हाळ्यात त्यांचा जुना खेळगडी शिवा मढवी वारला. दोघं एकाच संघात खेळलेले. दहाव्याला बळीराम तळ्याकाठी गेले. पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. सगळे गप्प उभे. शिवाचा मुलगा कुमार हात जोडून म्हणाला, "बाबा, काय राह्यलं असंल तं मी करीन." तरी कावळा येईना. मग एकदाचा आला, चोच मारली, आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

त्याच क्षणी बळीरामांना हसू आलं. मोठ्याने. त्यांनी तोंडावर पंचा धरला, पाठ फिरवली, तरी खांदे हलत राहिले आणि आवाज सगळ्यांना गेला. कुमार वळून बघत होता. कुणीतरी बळीरामांना हाताला धरून बाजूला नेलं.

त्या दिवसानंतर ते घराबाहेर पडायचेच बंद झाले.

*

कोमल दर पंधरवड्याला उरणला वडिलांकडे जायची. प्रत्येक वेळी सासऱ्यांना विचारायची, "बाबा, येता का? माझे बाबा आठवण काढतात." दर वेळी बळीराम काहीतरी सबब सांगत. खरं कारण त्यांना नीट ठाऊक होतं. व्याही अर्ध्या अंगाने खाटेवर पडलेला. त्याच्यासमोर आपण दोन पायांवर चालत जायचं, आणि वर त्याच्यासमोर रडायचं? ज्याला सगळं परत मिळालं त्याने रडावं, आणि ज्याचं गेलं त्याने बघत बसावं? लाज वाटत होती त्यांना.

गणपती उठल्यावर एका रविवारी कोमलने विचारलं नाही. गाडीचं दार उघडून म्हणाली, "बाबा, बसा."

ते बसले. वेणूने विहिणीला देण्यासाठी पिशवीत तांदळाचं पीठ आणि वाल भरून दिले.

गव्हाण फाट्याच्या पुढे कंटेनरची रांग लागली. गाडी हळूहळू सरकत होती. मग कोमल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुम्ही घरात चालता-फिरता तेव्हा मला बरं वाटतं, आणि वाईटही वाटतं. दोन्ही एकदम. वाईट तुमच्याबद्दल नाही."

"मना ठावं हाय," बळीराम म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. कोमलला वाटलं, आपण उगाच बोललो.

काशिरामांचं घर कोळीवाड्यात, खाडीच्या बाजूला. खाट दाराशीच लावलेली होती, म्हणजे त्यांना धक्क्यावरून येणारी-जाणारी माणसं दिसत. होडी आता पुतण्या चालवत होता, पण मासळी आली की पहिली टोपली काशिरामांच्या खाटेपुढे यायची आणि ते डाव्या हाताने मासे उलटेपालटे करून बघायचे. त्यांना बोलायला मोजके शब्द उरले होते. हाय, नाय, बेस, खोटं, आणि बायकोचं नाव, सोना. तेवढ्यावर सगळा संसार चालला होता.

कोमलची आई, सोनाबाई, कोलंबी सोलत बसली होती. "या दादा, या," ती म्हणाली. "किती दिसांनी आयलाव!"

बळीराम दारात उभे राहिले. काशिरामांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. नीट चालत आलेला माणूस. त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. "बेस," ते म्हणाले. "बेस!"

झालं. बळीरामांना जो हुंदका फुटला तो आवरेना. ते दाराच्या चौकटीला धरून रडत राहिले. कोमल "बाबा, बाबा" करत पुढे आली. तिला वाटलं, ते तिच्या वडिलांची अवस्था बघून कोसळले. तिलाही भरून आलं.

पण काशिराम त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होते, जसे ते टोपलीतल्या मासळीकडे बघत. मग त्यांनी डावा हात वर केला आणि बोट हलवलं. "खोटं," ते म्हणाले.

"बाबा!" कोमल ओरडली. "असं काय बोलता?"

"खोटं, खोटं," काशिराम पुन्हा म्हणाले आणि बायकोकडे बघून हाताने स्वतःच्या डोळ्यांखाली रेघ ओढली. "सोना. हाय."

सोनाबाईने कोलंबी खाली ठेवली. ती बळीरामांकडे बघत राहिली. रडणं थांबलं होतं आणि ते पंच्याने तोंड पुसत होते.

"दादा, खरा सांगा," तिने विचारलं. "तुमाला आता वाईट वाटला काय? का उगाच पानी आयला?"

आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बळीराम खाटेच्या कडेला बसले.

"उगाच," ते म्हणाले. "विहीनबाय, देवाशप्पथ, उगाच येतं. जेवताना येतं. पोरी खेलतात तवा येतं. मना काय बी वाटत नसतं."

"यांना बी यायचा!" सोनाबाई म्हणाली. "पयली दोन वर्सं. हसाचं बी. भिंतीकडं बघून हसाचं. मी आदी घाबरली. देवरशाला विचारून आयली. मंग कललं का यांच्या मनान काय नसतं. मी लक्ष द्याचंच सोडून दिला. हे रडाचं आन मी मासली साफ कराची. आपल्या आपन बंद."

"आई, तू मला कधी सांगितलं नाहीस," कोमल म्हणाली.

"तुला काय सांगाचा? तुला वाटाचा बाप दुक्कान हाय. तसा तो दुक्कान होताच. दुक्क येगला आन ह्या येगला."

काशिराम मान हलवत होते. हाय, हाय.

बळीरामांना एकदम हलकं वाटलं. इतक्या महिन्यांत त्यांनी जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते या खाटेवरच्या माणसाला न सांगता कळलं होतं. ते म्हणाले, "काशिरामभाऊ, मना तुमच्याकडं याची लाज वाटाची. मना इंजेक्शन भेटला. तुमाला नाय भेटला."

सोनाबाईनेच उत्तर दिलं. "तसा माज्या मनान बी येतं दादा. खोटा कशाला बोलू? तवा कोनी आमाला सांगितला आसता तं, असा वाटतं. रोज वाटतं. पन तुमी चालताव म्हनून नाय वाटत."

काशिरामांचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होते, कबड्डीचा खेळाडू मारतो तशी, आणि बळीरामांकडे भुवया उंचावून बघत होते.

"खेळ कवा हाय, असा इचारतान," सोनाबाई म्हणाली.

"बंद केलंय मी," बळीराम म्हणाले.

"नाय," काशिराम म्हणाले. "नाय, नाय."

दुपारी कोलंबीचं कालवण आणि वेणूने दिलेल्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या. जेवून बळीरामांना नेहमीसारखा थकवा आला. सोनाबाईने काही न विचारता खाटेच्या बाजूला चटई टाकली. दोघे व्याही शेजारी शेजारी झोपले, एक खाली, एक वर, आणि दारातून खाडीचा वारा येत राहिला.

*

दुसऱ्याच आठवड्यात कोमल त्यांना घेऊन डॉक्टर हेतलकडे गेली. या वेळी बळीरामांनी स्वतः सांगितलं, सुरुवातीपासून. दहाव्याचं हसणंही सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"तुम्हाला वेड लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूत हसण्या-रडण्याला लगाम घालणाऱ्या वाटा असतात. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांना इजा झाली. मन जागेवर आहे, लगाम सैल झालाय. बऱ्याच लोकांना होतं आणि बरेच जण सांगत नाहीत. एक गोळी देते. अगदी जाणार नाही कदाचित, पण पुष्कळ कमी होईल. आणि थकवा?"

"दुपारी लई येतं," बळीराम म्हणाले. "आक्कं शेत कापून आल्यासारका."

"तोही खराच आहे. आळस नाही तो. दुपारी झोपायचं. संध्याकाळच्या कामासाठी सकाळपासून ताकद राखून ठेवायची. घरच्यांनीही ते समजून घ्यायचं." हे त्या कोमलकडे बघून बोलल्या.

घरी आल्यावर कोमलने सगळ्यांना समजावलं. भावेशने खिशातून गाडीची चावी काढून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे मी गाडीची चावी दाखवली तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं नव्हतं?"

"गाडी बेस हाय," बळीराम म्हणाले. "रंग मना नाय आवडला."

वेणूला मात्र जमायला वेळ लागला. नवरा समोर रडतोय आणि आपण भाजी निवडत बसायचं, हे तिच्या हाताला पटत नव्हतं. हात आपोआप त्यांच्या पाठीकडे जायचा. मग तिने एक उपाय काढला. त्यांना रडू आलं की ती भावकीतल्या कुणाची तरी चहाडी सांगायला सुरुवात करायची. बळीरामांना चहाड्यांचा राग यायचा, आणि राग आला की रडणं थांबायचं.

गोळीने हळूहळू फरक पडला. रोजचं रडणं आठवड्यातून एक-दोन वेळांवर आलं.

कुमारकडे ते एकटे गेले. सकाळची वेळ होती, कुमार मोटारसायकल पुसत होता. त्याने नमस्कार केला, पण बसा म्हटलं नाही. बळीराम उभ्यानेच बोलले. "तुज्या बापाच्या दहाव्याला मी हसलो. ते माजं दुखनं हाय. डॉक्टरनी सांगितलंय. शिवा गेला तवा मी घरान एकटा बसून होतो तीन दिस. ते कोनी बघितला नाय. हसलो ते सगल्यांनी बघितला. म्हनून सांगाला आयलो."

कुमारने फडकं खाली ठेवलं. "काका, माझ्या आईला आत येऊन सांगाल का? तिच्या ते फार मनात आहे."

ते आत गेले. शिवाच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने चहा केला. तिला सगळं पटलं की नाही ते बळीरामांना कळलं नाही, पण निघताना ती म्हणाली, "येत जा." एवढं त्यांना पुरलं.

मैदानावर ते दिवाळीनंतर गेले. मुलींना ओळीत बसवलं आणि सांगितलं, "मना कदीमदी रडू येतं. हसू बी येतं. ते मेंदूचा दुखना हाय. मी रडलो तं बघाचं नाय. खेल थांबवाचा नाय. पानी आनाचा नाय. आन हलू बोलाचं तं बिलकूल नाय."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. समृद्धी म्हणाली, "सर, आम्हाला वाटायचं आम्ही वाईट खेळतो म्हणून तुम्ही रडता."

"वाईट खेलताव तवा मी रडत नाय, शिव्या देतो. ते ठावं हाय ना तुमाला?"

"हो सर," सगळ्या एका आवाजात म्हणाल्या, आणि बऱ्याच महिन्यांनी त्या मैदानावर हशा झाला.

आता ते आठवड्यातून तीन संध्याकाळी जातात. बाकीचे दिवस समृद्धी सराव घेते. पहिल्यासारखे ते मुलींमध्ये उभे राहत नाहीत, कडेला खुर्चीत बसतात, कारण सगळ्या एकदम ओरडल्या की त्यांचं डोकं अजून भरून येतं. शर्टाची बटणं ते स्वतः लावतात. वेळ लागतो, वेणू थांबते. महिन्यातून एक रविवार उरणचा. तिथे दोन्ही व्याही दाराशी बसतात. काशिरामांचा उजवा हात बळीराम आपल्या हातांत घेऊन, हॉस्पिटलात त्यांना स्वतःला शिकवला होता तसा व्यायाम देतात. त्या हाताने काही होणार नाही हे दोघांना माहीत आहे, तरी हात आखडत नाही एवढं होतं. सोनाबाईची कंबर दुखते, तेवढ्यात ती जरा आडवी होते.

गेल्या महिन्यात पनवेलला स्पर्धा होती. बेलपाड्याच्या मुली उपांत्य फेरीत पोचल्या. समोरचा संघ उंच, तयारीचा. मध्यंतराला बेलपाडा, एकदा सगळा संघ बाद होऊन, लोण खाऊन मागे होतं. बळीराम मुलींच्या घोळक्यात उभे राहिले आणि झापायला लागले. कोपरा उघडा का ठेवला, पाय धरायच्या ऐवजी कंबर का धरली, चढाईला गेल्यावर प्रेक्षकांत कुणाला शोधत होती. आवाज खणखणीत, आणि दोन्ही गालांवरून पाण्याच्या धारा. मुली खाली माना घालून ऐकत होत्या. त्यांतल्या दोघी ओठ चावून हसू दाबत होत्या.

बाजूला पुढच्या सामन्यासाठी बसलेली दुसऱ्या संघाची एक मुलगी हळूच समृद्धीला म्हणाली, "तुझे सर रडतायत."

"असू दे," समृद्धी बुटाची नाडी बांधत म्हणाली. "बोलतायत ते ऐक, कामाचं आहे."

दुसऱ्या डावात मुलींनी लोण परत दिलं, पण सामना दोन गुणांनी गेला. मैदानाबाहेर सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मग भावेशने आणलेल्या टेम्पोत बसून सगळे बेलपाड्याला निघाले. मुली मागे बसून शेवटच्या चढाईवरून भांडत होत्या, चूक कुणाची होती म्हणून. चांगला मोठा आवाज चालला होता. बळीराम पुढच्या सीटवर, खिडकीला डोकं टेकवून, कळंबोली यायच्या आधीच झोपून गेले होते.